पत्र्याच्या पेटीतली कात्रणं

शिरपूर,
रविवार

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

परवा माळा आवरताना ती बिस्किटांची पत्र्याची पेटी सापडली. झाकण गंजून बसलं होतं, विळ्याच्या टोकाने उचकटावं लागलं. आत आपली सगळी कात्रणं! न्हाव्याच्या दुकानातून जुनी मासिकं मागून आणायची, ब्लेडने चित्र सोडवायचं, गव्हाच्या पिठाची खळ करून वहीत चिकटवायचं. खळ पिवळी पडलीय, कडा झुरळांनी कुरतडल्यात, पण चेहरे शाबूत आहेत. जेवायचं राहिलं, मी तसाच जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिलो.

आपला भाव आठवतो का तुला? नटूनथटून पोज दिलेली एक मधुबाला द्यायची, तर शूटिंगच्या मधल्या वेळेतली दोन चित्रं घ्यायची. कुणी चहा पितंय, कुणी संवादाचे कागद वाचतंय, कुणी पंख्यासमोर डोळे मिटून बसलंय, ही सगळी आपल्या लेखी रद्दी. परवा मी नेमका त्या रद्दीतच अडकलो. पोजमधल्या चेहऱ्यावर दिग्दर्शकाचा हक्क असतो रे. 'कट' म्हटल्यावर जो चेहरा उरतो, तो त्या माणसाचा स्वतःचा.

'मुगल-ए-आझम'मधला तो पिसाचा प्रसंग घे. पडद्यावर केवढं हळुवार प्रेम, आणि तेव्हा दिलीपकुमार-मधुबालाचं एकमेकांशी बोलणंही बंद होतं. तिच्या हृदयाचं दुखणं जन्मापासूनचं, आणि तुरुंगाच्या दृश्यात अंगावर साखळ्या खऱ्या लोखंडाच्या. शॉट संपल्यावर ही दोघं कुठे बसत असतील, कुणाकडे बघत असतील, हेच डोक्यात घोळत राहिलं.

बलराज साहनींचं कात्रणही निघालं, 'दो बीघा जमीन'चं, रिक्षाच्या दांड्या धरलेलं. त्या शूटिंगची एक गोष्ट त्यांनीच लिहून ठेवलीय. कलकत्त्यात रिक्षा ओढायचं काम काही केल्या मनासारखं होईना, म्हणून ते खचून बाजूला बसले होते. तेवढ्यात एक खराखुरा रिक्षावाला आला, उतारवयाकडे झुकलेला. 'हे काय चाललंय बाबू?' म्हणून विचारू लागला. साहनींनी त्याला सिनेमाची कथा सांगितली, तसे त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याचीही बिहारात दोन बिघे जमीन जमीनदाराकडे अडकलेली, आणि ती सोडवायला हा कित्येक वर्षं कलकत्त्यात रिक्षा ओढत होता. 'ही तर माझीच गोष्ट' असं म्हणत तो निघून गेला. त्यानंतर साहनींनी अभिनयाची पुस्तकी विद्या बाजूला ठेवली आणि त्या माणसाला मनात धरून काम केलं. मी हे वाचलं तेव्हा मला कर्जापायी जमीन घालवून सुरतेची गाडी धरलेली आपल्याकडची माणसं आठवली. तूही त्यांतलाच, म्हणून तुला लिहितोय.

सुरतेवरून आठवलं. 'मदर इंडिया'ची ती आग तुमच्याच जिल्ह्यात, उमरा गावी लागली होती, 1957च्या मार्चमध्ये. गंजी पेटवल्या, वारा फिरला आणि नर्गिस ज्वाळांत सापडली. सिनेमात तिचा मुलगा झालेला सुनील दत्त आत घुसला, तिला बाहेर काढलं, स्वतः भाजला. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं.

आता मुद्द्याचं लिहितो. पेटीत स्मिता पाटीलचं एकही चित्र नाही. आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक, आणि तिचंच चित्र नाही! 'मंथन'च्या शूटिंगमधलं होतं ना आपल्याकडे, बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसलेली? राजकोटजवळच्या त्या गावात कॉलेजची पोरं शूटिंग बघायला आली आणि विचारू लागली, हिरोईन कुठाय? कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवलं, तर त्यांना खरंच वाटेना; ही गावातली बाई हिंदी सिनेमाची हिरोईन कशी असेल? आपणही त्या पोरांसारखेच होतो, आप्पा. मेकअप नाही म्हणून मी ते चित्र तुला फुकट देऊन टाकलं होतं. ती बसली होती तशी आपल्या थाळनेरच्या बायका तापीकाठी धुणं वाळेस्तोवर बसतात. पदर सावरायची घाई नाही, कुणी बघतंय याची जाणीव नाही.

13 डिसेंबर 1986ला ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. आई चुलीपुढून उठून ओट्यावर आली आणि एवढंच म्हणाली, "आपली पोर गयी रे भाऊ." आईने तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता.

तू उधन्याला गेलास तेव्हा तुझ्या पत्र्याच्या ट्रंकेत वह्या नेल्या होत्यास. वहिनींना सांग, तळाशी बघा म्हणावं. श्रावणात कानबाईच्या सणाला येशीलच, तेव्हा चित्र सापडलं तर घेऊन ये. मी खळ करून ठेवतो, आणि रोटाचं जेवण झालं की दोघं मिळून ते वहीच्या पहिल्या पानावर चिकटवू.

तुझाच,
नाना