रेफरन्स फॉरमॅटिंग सेवेतील चुका आणि शुल्क परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
शोधनिबंध संपादन व फॉरमॅटिंग विभाग

विषय : वैद्यकीय जर्नलसाठीच्या निबंधाची संदर्भसूची चुकीची करून दिल्याबाबत तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी 'रेफरन्स फॉरमॅटिंग'चे पॅकेज घेतले होते. निबंध विंचूदंशावर आहे, कोकणातल्या आमच्या रुग्णालयातल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला. जर्नलला व्हँकूवर शैली हवी होती. म्हणजे मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने त्यांना आकडे. लेखक सहापर्यंत असतील तर सगळ्यांची नावे, जास्त असतील तर पहिल्या सहांपुढे 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'). जर्नलच्या सूचनांची पीडीएफ ऑर्डरसोबत जोडली होती. तुमच्याकडून आलेली फाइल पाहता ती पीडीएफ कोणी उघडली असेल असे वाटत नाही. रिव्ह्यूअरपर्यंत जाण्याआधीच, तांत्रिक तपासणीतच जर्नलने निबंध परत पाठवला.

सर्वांत गंभीर चूक आधी सांगते. तुमच्या माणसाने, किंवा सॉफ्टवेअरने, सगळी सूची आडनावांच्या एबीसीडीप्रमाणे लावली आणि मग तिला नवे आकडे दिले. मजकुरातले आकडे मात्र होते तसेच ठेवले. विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधाच्या डोसबद्दलच्या वाक्यापुढे ७ आहे. तुमच्या सूचीत सातव्या जागी आहे घोणस चावल्यावर मूत्रपिंडावर होणाऱ्या परिणामांचा निबंध. विंचू चावलेल्या मुलाला औषध किती द्यायचे याचा आधार शोधत एखादा डॉक्टर तिथे गेला, तर त्याने तिथे काय वाचायचे? हा प्रकार एका वाक्यापुरता नाही. पहिल्या दोन-तीन जागा योगायोगाने जुळल्या आहेत, त्यापुढे सगळाच घोळ आहे.

आता बावस्करांबद्दल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे काम सोडून आपल्याकडे विंचूदंशावर कोणी लिहूच शकत नाही. प्राझोसिनवरचा दोघांचा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. लेखक दोनच : बावस्कर एचएस आणि बावस्कर पीएच. तुमच्या फाइलमध्ये उरले आहे 'बावस्कर एचएस, एट अल'. चॅटवरच्या प्रतिनिधीने खुलासा केला की एकच आडनाव दोनदा आल्यामुळे सिस्टिमने ते 'डुप्लिकेट' धरले. नवरा-बायको मिळून संशोधन करतात हे तुमच्या सिस्टिमला ठाऊक नसेल, पण फाइल तपासणाऱ्या माणसाला दिसायला हरकत नव्हती. पाटील-पाटील, जोशी-जोशी असे पेपर आमच्या लायब्ररीत ढिगाने आहेत. त्या सगळ्यांतला एकेक पाटील तुम्ही असाच गाळता का?

याच दोघांची विंचूदंशावरच्या प्रतिविषाची क्लिनिकल ट्रायल २०११ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, खंड ३४२, सी७१३६. हा पान क्रमांक नव्हे, लेखाचा इलेक्ट्रॉनिक क्रमांक आहे. तुम्ही 'सी' टायपिंगची चूक समजून काढून टाकला आणि पान ७१३६ करून ठेवले. एका खंडाला सात हजार पाने कुठून येतील, असा प्रश्न तपासणाऱ्याला पडायला हवा होता. 'लॅन्सेट'चे 'लॅन्स.' केले आहे. एकाच शब्दाचे नाव असलेल्या जर्नलचे संक्षिप्त रूप करत नाहीत, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या (एनएलएम) कॅटलॉगमध्ये हे मिनिटभरात सापडते. आणि जागतिक आरोग्य संघटनेला माणूस समजून तुम्ही 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' असे आडनाव आणि इनिशियल्स बहाल केले आहेत. ते वाचून विभागातल्या रेसिडेंट्सना हसू आवरेना.

डीओआयचा, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांकाचा, प्रकार मात्र हसण्यासारखा नाही. माझ्या फाइलमध्ये काही जुन्या निबंधांपुढे डीओआय नव्हते, ती जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येकापुढे डीओआय आहे. एक उघडून पाहिला तर तो अस्तित्वातच नाही. दुसरा त्वचारोगावरच्या भलत्याच लेखाकडे घेऊन गेला. हे 'ऑटो-फिल'ने भरले गेल्याचे तुमच्या प्रतिनिधीने मान्य केले आहे. डीओआय नसता तर संपादकांनी फार तर विचारले असते. खोटा डीओआय सापडल्यावर त्यांना संशय येतो तो माझ्या निबंधाचा, तुमच्या सॉफ्टवेअरचा नाही. संदर्भ मूळ लेखाशी ताडून पाहण्याची जबाबदारी आयसीएमजेईने, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, लेखकांवर टाकली आहे आणि ती मला मान्य आहे. म्हणून तर ताडून पाहिलेली सूची मी तुमच्याकडे दिली होती. तुमचे काम मांडणीचे होते. आतल्या मजकुराला हात लावायला तुम्हाला कोणी सांगितले?

तक्रार केल्यावर ईमेलने उत्तर आले की 'प्रत्येक जर्नलची शैली वेगळी असल्याने आम्ही आमचे स्टँडर्ड टेम्प्लेट वापरतो.' हे उत्तर लिहिणाऱ्याला सांगा, दर जर्नलची तऱ्हा वेगळी, या कटकटीला कंटाळूनच १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक व्हँकूवरला जमले होते. त्यांनी ठरवलेले सामाईक नियम १९७९ मध्ये छापले गेले आणि त्याच गटाची पुढे आयसीएमजेई झाली. मी पैसे त्या शैलीचे मोजले, तुमच्या टेम्प्लेटचे नाही.

आणखी एक. माझ्या वर्ड फाइलमधली सायटेशन्स झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडलेली होती, त्यामुळे आकडे आपोआप बदलत. तुम्ही ती सगळी साध्या मजकुरात बदलली. आता रिव्ह्यूअरने मध्ये एखादा संदर्भ घालायला सांगितला तर पुढचा प्रत्येक आकडा हाताने बदलावा लागेल. हे करण्याआधी विचारण्याचे सौजन्यही दाखवले नाही.

तुमचा 'मोफत रिव्हिजन'चा प्रस्ताव मला नको. ज्या टेम्प्लेटने हा गोंधळ घातला त्यातूनच फाइल पुन्हा जाणार असेल तर त्यात अर्थ नाही. सूची मी स्वतः माझ्या मूळ फाइलवरून दुरुस्त करत आहे. माझ्या मागण्या अशा : पूर्ण शुल्क मूळ खात्यात परत करावे, आकड्यांचा क्रम, गाळलेले लेखक आणि डीओआय हे बदल तुमच्या प्रक्रियेत झाल्याचे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्यावे, ते पत्र मला संपादकांना पाठवायचे आहे, आणि माझ्या निबंधाच्या सर्व प्रती तुमच्या सर्व्हरवरून काढून टाकल्याचे लेखी कळवावे.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ते न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार मी राहते त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल करीन. मूळ फाइल, तुमची फाइल, जर्नलचे पत्र आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
सहयोगी प्राध्यापक, औषधवैद्यकशास्त्र विभाग
(नाव, ऑर्डर क्रमांक व बँक तपशील सोबतच्या फॉर्ममध्ये)