राखणदाराला पातळी किती?

डिचोली, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच. पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. आज डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आपल्या फाशांच्या गोष्टीखेळात, जिथे निकाल मी देतो आणि अर्धे जग तू रचलेस, धाकटीने नेमका तोच प्रश्न विचारला, ज्यावरून आपण फोंड्याला शेवटची बस घालवली होती.

"माझ्या डिस्पेल मॅजिकने राखणदाराची सीमा मोडेल ना?"

आता नियम तुला पाठ आहे. डिस्पेल मॅजिक, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र मोडणारा मंत्र, घातला की तिसऱ्या पातळीपर्यंतचा (पातळी म्हणजे मंत्राचे बळ) मंत्र आपोआप संपतो; त्याच्या वरचा असला तर फासा टाकून १० अधिक मंत्राची पातळी गाठायची. पण सीमेची पातळी कुठली? तो मंत्रच नव्हे. तुझ्या अर्ध्या जगातला राखणदार, गावाची वेस राखणारा देव, पोथी उघडत नाही. गावाने त्याला नैवेद्याचा रोट कबूल केलाय, त्याने वेस सांभाळायचा शब्द दिलाय, एवढाच व्यवहार. त्याला 'सातवी पातळी' म्हणायला माझी जीभ रेटेना. आपल्या घरून खऱ्या राखणदाराला अजून रोट आणि विडी जाते रे.

आपल्या खेळातला वकील म्हणाला, पातळी लाव आणि मोकळा हो, सगळ्यांना न्याय सारखा. (तो पेजेलाही कलम लावील.)

तुझेही तेच होते. "वर सत्तरीत म्हादई, खाली मांडवी, पाणी एकच. विद्याही एकच." मला ते तेव्हा पटले नव्हते, आजही पटत नाही. एकच माप लावले की आगीचा गोळा तोच राहतो, फक्त कुणाचा पोथीतून येतो, कुणाचा देवाकडून. पण अगदी वेगळे ठेवूनही चालत नाही. १९७६ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुरवणीत मनोबलाची विद्या आली ती स्वतःचे गुण आणि स्वतःची लढाई घेऊन. ज्याच्याकडे ती नाही, त्याने त्या वेळी बघत बसायचे.

मला खाजनातली, खाडीकाठच्या शेतातली, मानस आठवते, बांधातले पाण्याचे दार. भरतीला फळ्या दाबून बंद होतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. खारे आणि गोडे एक करायचे नाही. कुठे, केव्हा, कुठल्या बाजूने वाट द्यायची तेवढे ठरवायचे. म्हणून मी निकाल दिला: डिस्पेलने शब्द मोडत नाही, पण तो कुणी दिला आणि बदल्यात काय देणे राहिलेय ते मंत्र घालणाऱ्याला दिसते. धाकटीचा तिसऱ्या पातळीचा स्लॉट, म्हणजे मंत्र घालायची एक संधी, वाया गेला नाही. तिला कळले की गावाने तीन वर्षे रोटच दिलेला नाही, आणि मग ती जी बोलणी करायला गेली! तू असायला हवा होतास. उलट बाजूने, राखणदार वेस ओलांडणाऱ्याला अडवील, पण वेशीबाहेरून आलेला आगीचा गोळा त्याच्या हातचा नाही.

खरी काळजी पुढेच आहे. वकिलाने वॉरलॉक, म्हणजे करार करून बळ मिळवणारा जादूगार, घेतलाय आणि राखणदाराशीच करार केलाय. त्याचे स्लॉट तासाभराच्या विश्रांतीत परत येतात. तो विझर्डही, म्हणजे पोथीतून मंत्र शिकणारा, आहे, आणि नियमाप्रमाणे ते स्लॉट पोथीतल्या मंत्रांना चालतात. म्हणजे राखणदाराने दिलेले बळ त्याला न विचारता दुसऱ्याच विद्येत ओतायचे. मी नाही म्हणालो तर तो पुस्तक काढून दाखवील. हो म्हणालो तर तुझा राखणदार बॅटरी होतो. प्रत्येक वेळी राखणदाराला वेगळे गाऱ्हाणे घालून विचारायला लावू का? की करारातच एकदा विचारून घेऊ दे?

तुझ्या घराचे छप्पर झाले का? वहिनीची बदली? मुलीला फासे पाठवतोय, गिळू देऊ नकोस.

राखणदार तुझा आहे, तेव्हा हे तूच सांग. पुढच्या रविवारच्या आत लिही. वकिलाचे पात्र अनुभवाच्या सहाव्या पातळीला पोचतेय.

तुझाच