व्यापाराचा लाभ आणि कोरडवाहू शेतकरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुरीची किंवा कापसाची आयात झाली की ‘जे आपल्या मातीत पिकते ते बाहेरून आणायचेच कशाला?’ हा प्रश्न खान्देशात गावोगाव ऐकू येतो. त्यामागचा संताप मला समजतो. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मात्र त्यातले गृहीत मला मान्य करता येत नाही. एखादी वस्तू आपल्याला पिकवता येते एवढ्यावरून ती आपणच पिकवणे फायद्याचे ठरत नाही.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये दिलेले उदाहरण आजही पुरेसे आहे. ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक मद्य तयार करायला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कामांना अनुक्रमे ९० आणि ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस, तरीही त्याने कापड इंग्लंडकडूनच घ्यावे असे रिकार्डो सांगतो, कारण ८० माणसांच्या श्रमाचे मद्य देऊन त्याला असे कापड मिळते, की जे घरी विणायला ९० माणसे लागली असती. इंग्लंडलाही १०० माणसांच्या कापडाच्या बदल्यात १२० माणसांचे मद्य मिळते. कोण अधिक कुशल, याला येथे महत्त्व नाही. एक वस्तू करण्यासाठी कोणती दुसरी वस्तू सोडावी लागते, यावर सारे ठरते. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

रावेर-यावलच्या बागायती पट्ट्यात हे डोळ्यांनी पाहता येते. तापीकाठच्या त्या काळ्या जमिनीत तूरही उत्तम येईल, जिथून आपण तूर आणतो त्या मोझांबिकपेक्षाही कदाचित चांगली येईल. पण त्या तुरीची खरी किंमत बियाण्यात आणि मजुरीत मोजून भागत नाही, तिच्यासाठी सोडून दिलेली केळी तिच्या खात्यावर मांडावी लागते. बागेत घड उतरवला जातो, फण्या सुट्या करून चीक जाईपर्यंत तुरटीच्या पाण्यात धुतल्या जातात, १३ किलोच्या खोक्यांत भरल्या जातात आणि साडेतेरा अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमधून न्हावा शेवामार्गे आखाती देशांत हिरव्याच पोहोचतात. त्या पैशांतून येणारी तूर घरच्या तुरीपेक्षा जास्त असेल, तर रावेरच्या शेतकऱ्याने केळीच लावावी आणि देशाने तूर आणावी, हे उघड आहे. जळगावच्या दालमिलना कच्चा माल मिळतो, ग्राहकाला डाळ परवडते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी या व्यवहारात आपली सर्वांत बळकट बाजू आहे.

परंतु हे गणित एका अटीवर उभे आहे आणि आयातीचे समर्थक नेमकी तीच विसरतात. देशातला माणूस एक काम सोडून दुसरे धरू शकतो, असे रिकार्डोने धरले होते. शिंदखेडा, पारोळा, अमळनेर या भागांतला कोरडवाहू शेतकरी कापूस सोडून काय धरणार? त्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसते, त्यामुळे केळीचा विचारच नको. आयातीमुळे भाव पडले तर देशाचा एकंदर लाभ होईलही, पण त्या लाभाची किंमत हा एकटा माणूस मोजतो. यात नवे काही नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी खान्देशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. ज्यांनी तेजीच्या भरवशावर कर्जे काढली होती, त्यांच्या मानेवर सावकार बसला.

आज जोखीम बाजाराची आहेच, तिच्यात धोरणाची भर पडली आहे. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्या वेळी अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने बेजार झालेल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा हा हेतू मी चुकीचा मानत नाही. पण तोवर आमच्याकडे झाडांना पात्या-फुले लागली होती. बियाणे, खत, निंदणी, फवारणी असा सारा खर्च जमिनीत गेला होता आणि शेतकऱ्याला पीक बदलण्याची संधी उरली नव्हती. किमतीचा इशारा पेरणीनंतर मिळाला तर त्याचा उपयोग काय? उलट बाजूने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात अचानक बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. साक्री-धुळ्याच्या कांदा उत्पादकाला जगाच्या बाजारातली तेजी नाकारायची आणि कापूस उत्पादकाला तिथलीच मंदी सोसायला लावायची, याला मुक्त व्यापार म्हणता येणार नाही.

व्यापाराने खरोखर लाभ होत असेल, तर ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई देऊनही काही शिल्लक उरले पाहिजे. ही भरपाई आजवर कागदावरच राहिली आहे. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. कापूस, तूर आणि कांदा यांच्या आयात-निर्यात शुल्कातील बदल मे महिना संपण्यापूर्वी जाहीर व्हावेत आणि माल बाजारात येऊन संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. ज्या वर्षी शुल्क माफ असेल, त्या वर्षी भारतीय कापूस महामंडळाची हमीभाव केंद्रे पहिल्या वेचणीच्या आधी प्रत्येक कापूस तालुक्यात सुरू व्हावीत, कारण उशिरा उघडलेल्या केंद्रापर्यंत गरजू शेतकऱ्याचा कापूस पोहोचत नाही, तो खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे, आधीच गेलेला असतो. आणि पाडळसे धरण व सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजना ही वर्षानुवर्षे रेंगाळलेली कामे व्यापार धोरणाचाच भाग समजून पूर्ण करावीत, कारण पाणी आले तरच अमळनेर आणि शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला कापसाऐवजी दुसरे काही लावता येईल.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)