नावं माहीत नाहीत, तरी आभार

पुण्यातली नऊ वर्षांची आयटीतली नोकरी सोडून सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात उत्पादन सांभाळायला आलो, त्याला परवा वर्ष झालं. घरच्यांचे आभार घरी मानले. हे बाकीच्यांसाठी.

राजीनामा देऊन हुतात्मा एक्सप्रेसनं येताना शेजारच्या काकांनी कुर्डुवाडीपर्यंत माझं सगळं ऐकलं. सल्ला एकही दिला नाही, भाकरी आणि शेंगाचटणी मात्र दिली. काका, तेवढंच हवं होतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या जॉबर मामांचे, म्हणजे लूम (यंत्रमाग) लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या मामांचे, तर किती मानू! पहिल्या आठवड्यात मी लॅपटॉप उघडून त्यांना डेटा समजावत होतो. त्यांनी शांतपणे माझा हात धरून लूमवर नेला. टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच असतात, एक घट्ट, दुसरा ढिला. त्या ढिल्यातूनच लूप उठतात, हे त्यांनी बोटांनी दाखवलं. लूमवर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डची छिद्रांची कार्डं पाहिली तेव्हा कुठं ओळखीचं काही भेटलं. भोक आहे किंवा नाही, म्हणजे आपलंच एक आणि शून्य की! मामा म्हणाले, "मग एवढं शिकून काय केलं?"

तुटलेला धागा बांधायला शिकवणाऱ्या अक्का, तुमचं निम्मं तेलुगू मला अजून कळत नाही. शिव्या तेवढ्या कळतात.

आणि पूर्व भागातले चहावाले भाऊ, मार्चमध्ये पगार लांबला तेव्हा तुम्ही वही काढलीच नाहीत. हिशेब माझ्याकडे आहे, येतोय.