हातची राखलेली वेळ

रेडिंग (इंग्लंड), २३ जुलै २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र ईराच्या बॅगेतून पाठवतोय. फोनवर बोलता आलं असतं, पण यंदा गणपतीला शाळा बुडवून मुलांना आणणार नाही असं मी सांगितलं, त्या रविवारी बाबा "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, तेव्हापासून माझी हिंमत होत नाही. बाबांचं "बरं" आम्ही घरातले ओळखतो. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तूच वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, तुझी सवय माहीत आहे मला.

प्राजक्ता आणि मुलं आषाढी एकादशीला इथून निघतात आणि २२ ऑगस्टला परत येतात. म्हणजे चार आठवडे ती तुमच्याकडे आहेत. नागपंचमी तिथेच होईल, हळदीच्या पानांतले पातोळे ओमला पहिल्यांदा ताजे खायला मिळतील. गणपतीला मात्र मी एकटा येईन. हे ठरलंय, विमानाचं तिकीट काढलंय. आता तुम्ही दोघांनी मिळून मला पटवायचा प्रयत्न करू नका.

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते, इथल्या सुट्टीत बसले. यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि चतुर्थी गेली १४ सप्टेंबरवर. इथली शाळा सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात उघडते. आपल्या कोकणात शाळेला गणपतीची सुट्टी असते, इथे सणाचा फार तर एक दिवस मिळतो. एका दिवसात रेडिंगहून कुडाळला जाऊन आरती करून कोण परत येईल?

बाबा, तुम्ही विचारलंत, "दंड किती आहे तो सांग, पेन्शनमधून पाठवतो." त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. लावणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर जाऊन मुलांना चिखलाच्या पायांनीच वर्गात आणून बसवणारे तुम्ही. मला ताप नाही हे कळल्यावर काखेतला कांदा काढून तो दप्तरात टाकून शाळेत पाठवणारे तुम्ही. आणि तेच तुम्ही नातवंडांनी शाळा बुडवावी म्हणून पैसे भरायला निघालात! मला हसू यायला हवं होतं.

तर दंडाचा हिशोब लिहितो. पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की नोटीस येऊ शकते. ती प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकाला वेगळी असते. पहिल्या वेळी २१ दिवसांत भरले तर ८० पौंड, नाहीतर १६०. तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला जानेवारी २०२५ मध्ये आम्ही थांबलो त्याचे आम्हाला ३२० बसले होते. सांगितलं नव्हतं. आता सांगतो, आणि हेही सांगतो की तितके सत्कारणी लागलेले पैसे मी दुसरे खर्चलेले नाहीत. एक्क्याऐंशी दिव्यांच्या उजेडात तुमचा चेहरा बघून ओमने विचारलं होतं, आबा हेडमास्तर होते म्हणून एवढे दिवे लावलेत का?

तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा झालं तर सूट नाही, सरळ १६० प्रमाणे, म्हणजे आमच्या घराला ६४०. रुपयांत पाऊण लाखाच्या आसपास. तिसऱ्या वेळी दंडाची नोटीसच नाही, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं आणि तिथे अडीच हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतं. ऑगस्ट २०२४ पासून हे असं आहे. त्याआधी रक्कम कमी होती आणि २०१३ च्या आधी मुख्याध्यापक वर्षाला दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सुट्टी मंजूर करू शकत. आता फक्त "अपवादात्मक परिस्थिती"त. घरचा गणपती त्यांच्या लेखी अपवादात्मक नाही, दरवर्षी येतो ना! (स्कॉटलंडात हा दंड नाही. पण तिथली शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडते, त्यामुळे नानाच्या मुलांचा हेवा करण्यात अर्थ नाही.)

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. जॉन प्लॅट नावाच्या एका बापाने २०१५ मध्ये मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला नेलं आणि १२० पौंडांचा दंड भरायला नकार दिला. खालच्या कोर्टात जिंकला, हायकोर्टात जिंकला आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. सगळा वाद एका शब्दावर. कायदा म्हणतो, मुलाने शाळेत "नियमित" जावं. बाप म्हणाला, मुलीची हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे नियमित. कोर्ट म्हणालं, नियमित म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे. वाचताना वाटलं, हा निकाल तुम्हीच लिहिलाय.

मला तो पूर्ण पटत नाही. वाडीतल्या आरतीत टाळ वाजवताना पोर जे शिकतं ते कुठल्या वर्गात शिकवणार? पण ईरा आता सहावीत जातेय, नवीन वर्गाचा दुसराच आठवडा असेल. आणि हे सगळं मी इतकं लांबवतोय त्याचं कारण पैसे नाहीत, शाळाही नाही.

आई, तू तांदळाच्या डब्यात पाचशेच्या नोटा पुरून ठेवायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "असांदे रे, कधीतरी उपयोगाक येतले." तसंच समज. जानेवारी २०२८ पर्यंत माझ्याकडे एकच वेळ शिल्लक आहे, चौघांनी मिळून सगळं टाकून यायची. कठीण प्रसंगी मुख्याध्यापिका रजा देतात, पण देतीलच असं नाही, आणि किती दिवस ते त्यांच्या हातात. तेव्हा ही वेळ मला हातची राखायची आहे. कशासाठी ते लिहीत नाही. तुम्ही दोघं ठणठणीत राहा आणि माझी ती वेळ फुकट जाऊ द्या, मी आनंदाने वाया घालवीन.

आता कामाचं. मी १२ सप्टेंबरला पोचतोय. साठ दिवस आधी रेल्वेचं बुकिंग उघडलं आणि दोन मिनिटांत वेटिंग चौऱ्याऐंशी! पण काहीतरी करून येईन, स्टेशनवर कोणी येऊ नका. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीचं, सामान काढायला बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. शिडी मी गेल्या खेपेला शेजारी ठेवून आलोय, मुद्दाम. कवंडाळं, आयनाची फळं, तेरडा वाडीतली पोरं आणतील. ओमने माटवीला बांधायला कागदी कंदील केलाय, तो प्राजक्ता तिथेच ठेवून येईल. त्याच्या नावाने तेवढा बांधू.

न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या. "आम्हाला काय गरज" हे वाक्य मी ऐकणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला माणूस बुधवारी येतोय, त्याला चहा दे पण पैसे देऊ नकोस, दिलेत. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. रात्री बाहेर जाताना टॉर्च. बाबांची बीपीची गोळी सकाळची सकाळीच, पेपर वाचून झाल्यावर नाही. एकवीस मोदक पुरे, एकशे एक नकोत. आणि मुलं आल्यावर त्यांना सकाळ-दुपार-संध्याकाळ खायला घालत बसू नका.

रागावून लिहिलं असं वाटलं तर तसं नाही. पहिल्या दिवशीच्या आरतीच्या वेळी इथे दुपार असली तरी प्राजक्ता मुलांना शाळेतून आणून फोन लावेल. बाबा, त्या वेळी "बरं" म्हणून फोन आईकडे देऊ नका. ओम तुमच्यासाठी "सुखकर्ता" पाठ करतोय, दुसऱ्या कडव्यात अडखळतो.

तुमचा,
बाळू

ता. क. : ईराच्या बॅगेत दोघांची प्रगतिपुस्तकं आहेत. बाबा आधी हजेरीच बघतील, म्हणून सांगतो. ओमचे दोन दिवस गेलेत ते तापाचे. खरा ताप होता, मी काख तपासली.