हात वर केला आणि तुम्ही थांबलात

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

गाल अजून सुजलेला आहे, धड बोलता येत नाही, म्हणून लिहूनच सांगते. एरवी "थँक्यू हं" म्हणून निघून गेले असते.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले होते त्यांनी इंजेक्शन दिलं आणि दाढेला पकड लावली. दुखतंय म्हटलं तर म्हणाले, "एवढं काय त्यात? बायका बाळंतपणं सोसतात." कळ मस्तकात गेली. दाढ तशीच तोंडात घेऊन उठून आले. नंतर एका बाजूनं जेवत राहिले आणि स्वतःला भित्री म्हणत राहिले.

तुम्ही एक्स-रे पाहून सांगितलंत, मुळाशी पू धरलाय, अशा जागी भूल नीट चढत नाही. आधी गोळ्या, सूज उतरू दे, मग काढू. म्हणजे ते दुखणं माझ्या मनाचं नव्हतंच!

पण हे पत्र त्यासाठी नाही. "दाब जाणवेल, आवाजही येईल, पण कळ येता कामा नये. आली तर डावा हात वर करा, मी थांबेन," म्हणालात. असं म्हणणारे पुष्कळ असतात. मधेच कट्कन आवाज झाला आणि माझा हात आपसूक वर गेला. तुम्ही पकड ट्रेमध्ये ठेवलीत. "दुखलं, की दचकलात?" बाहेर बाकावर पेशंट खोळंबलेले, तरी माझा श्वास जागेवर येईपर्यंत हत्याराला हात लावला नाहीत. डिग्री त्या दुसऱ्यांच्याही भिंतीवर होती, चांगली मोठ्या फ्रेममध्ये. समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस दवाखान्यात काय, बँकेच्या खिडकीवर भेटला तरी दिवस बरा जातो.

घरी कापूस पाऊण तास दाबून धरला. थुंकले नाही, चूळ भरली नाही. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी दाढेपेक्षा भयंकर ठणका लागतो, हे कारण सांगितलंत म्हणून पाळलं. नाहीतर त्याच संध्याकाळी मिठाच्या गुळण्या केल्याच असत्या. त्या दुसऱ्या दिवशी सुरू केल्या. आइस्क्रीम मात्र मन लावून खाल्लं.

टाके काढायला येताना सासूबाईंना आणते. त्यांची वरची दाढ हलतेय, पण "दाढ काढली की डोळे जातात" यावर त्या ठाम आहेत. माझं ऐकत नाहीत, तुम्हीच सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे त्यांना. मनानं बंद केलेली नाही, चिठ्ठी सोबत आणते.