हिमालयाची गोष्ट तिबेटवाचून अपुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील हिमालयाच्या जन्माविषयीचा लेख वाचला. भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा सरकता तुकडा) युरेशियाला येऊन थडकला, सरकवलेल्या सतरंजीला चुण्या पडाव्यात तशा मधल्या समुद्रतळाला वळ्या पडल्या आणि हिमालय उभा राहिला, एवढ्यावर लेख थांबतो. हे चुकीचे नाही, परंतु चुण्यांच्या उपमेने फार तर पर्वतरांग समजते. तिच्या पाठीशी पसरलेले सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचे तिबेटचे पठार समजत नाही. महाराष्ट्राएवढी आठ राज्ये मावतील असा हा मुलूख सरासरी जवळजवळ ५००० मीटर उंचीवर कसा टिकून राहिला, हा खरा प्रश्न आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही.

समुद्रतळाचा खडक जड असतो, त्यामुळे तो दुसऱ्या भूपट्टाखाली जाऊन प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, बुडतो. भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस समुद्राचा तळ असाच आशियाखाली गेला आणि त्यातून उपजलेल्या शिलारसाचा ग्रॅनाइट आज लेहच्या उत्तरेकडील लडाख रांगेत उघडा पडलेला दिसतो. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो समुद्र संपत आला आणि खंडाला खंड भिडले. खंडाचे कवच हलके असल्याने ते सहजी बुडत नाही. तोवर वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे येणारा भारत मंदावून ५ सेंटिमीटरच्या आसपास आला, पण थांबला मात्र नाही. त्यामुळे भारताच्या उत्तर कडेचे कवच उत्तरेकडे उतरत्या प्रस्तरभंगांवर (खडक तुटून सरकतो त्या भेगांवर) तुटून त्याचे थर एकमेकांवर चढत गेले, तर उरलेला भाग दक्षिण तिबेटखाली शिरला. देवघरातील शाळिग्राम फुटलेला असेल, तर त्याच्या आत कंगोऱ्यांची नक्षी असलेले वेटोळे दिसते. तो टेथिसच्या पाण्यात राहणाऱ्या अमोनाइट या प्राण्याचा ठसा आहे. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात सापडणारा हा दगड भारताच्या त्याच उत्तर कडेवर साचलेल्या गाळाचा आहे.

सर्वसाधारण खंडाचे कवच सुमारे ३५ किलोमीटर जाड असते. तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या घरात भरते. उंचीचे मर्म या जाडीत आहे: हलके कवच जड प्रावरणावर तरंगल्यासारखे असते, आणि ते जितके जाड तितके वर राहते. विशेष म्हणजे भूपट्टांची कल्पना निघण्याच्या शंभर वर्षे आधी याचा सुगावा भारतातल्याच मोजणीतून लागला होता. एकोणिसाव्या शतकातील भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात उत्तरेकडील कलियाना आणि मध्य भारतातील कल्याणपूर या ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक ओळंब्याच्या आधारे केलेल्या ताऱ्यांच्या वेधावरून एक आणि जमिनीवरील मोजणीवरून दुसरा येत होता. तफावत सुमारे ५ विकला होती (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार हे उघड होते, पण इंग्रज गणिती प्रॅट यांनी गणित मांडले तेव्हा ती ओढ जवळजवळ तिप्पट असायला हवी होती. डोंगरांखाली हलक्या खडकाची खोल मुळे असली पाहिजेत आणि म्हणून ओढ कमी भरते, असा खुलासा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी १८५५ मध्ये केला. ओळंब्याच्या इतक्या बारीक कलण्यातून कित्येक किलोमीटर खोलीचा अंदाज बांधणाऱ्या त्या माणसांना दाद द्यावी तेवढी थोडी!

पठार मात्र बेसुमार उंच होत नाही. एका मर्यादेपलीकडे स्वतःच्याच भाराने ते बाजूंना पसरू लागते. दक्षिण तिबेटमधील उत्तर-दक्षिण पसरलेल्या खचदऱ्या (जमीन ताणून खचल्याने झालेल्या दऱ्या) याची साक्ष देतात: उत्तर-दक्षिण दिशेने दाबला जाणारा हा प्रदेश पूर्व-पश्चिम ताणला जात आहे. त्यामुळे ‘एव्हरेस्ट असाच वाढत राहणार’ हे लेखातील विधान जपून करायला हवे होते. उचलले जाणे, झिजणे आणि पसरणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत.

भारताच्या अजून चालू असलेल्या रेट्यापैकी वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात जिरतात. तेथील भंग एरवी अडकून राहतात आणि १९३४ साली बिहार-नेपाळमध्ये, १९५० साली आसाममध्ये किंवा २०१५ साली नेपाळमध्ये झाले तसे एकाएकी सरकतात. हाच दाब द्वीपकल्पातही पोहोचतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप ज्या भंगावर झाला, त्यावरील खडक उत्तर-दक्षिण दाबानेच वर सरकला होता. सह्याद्री मात्र या टकरीतून उभा राहिलेला नाही. त्याचे आडवे थर लाव्ह्याचे असून ते साचले तेव्हा, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारत अजून वाटेतच होता. लेखासोबतच्या चौकटीत दोन्ही पर्वतांना सरसकट ‘वली पर्वत’ (थरांना वळ्या पडून बनलेले) म्हटले आहे, ते दुरुस्त व्हावे.

या विषयावर पुन्हा छापाल तेव्हा नकाशाबरोबर गंगेच्या मैदानापासून तिबेटपर्यंतच्या उभ्या छेदाची आकृतीही द्यावी, आणि तीत उंची व खोली एकाच प्रमाणात असावी, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा